तात्याला बोलवा

या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवणार नाही, पैज लावा. एका मेलेल्या माणसानं भरदुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, कॅमेऱ्याचा डोळा मिटला, कुलूपबंद तळघरातली एक टेप उचलली, बाहेर पडताना दार नीट ओढून घेतलं आणि कॅमेऱ्याचा डोळा पुन्हा उघडून दिला. खोटं वाटतंय ना? वाटू द्या. पण हे सांगितलं यंत्रानं, आणि यंत्राला पदरचं तिखटमीठ लावता येत नाही. ते काम माणसांचं.

१

तर ते आवाजांचं कोठार होतं. वरच्या मजल्यांवर टेबलं, खुर्च्या आणि पेंगत फिरणारे पंखे. खाली तळघरात, जाडजूड दाराआड, मेलेल्या माणसांचे आवाज. गवई, वक्ते, नट, गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्या, सगळे टेपांवर गुंडाळून, पुठ्ठ्याच्या डब्यांत घालून, फळ्यांवर दाटीवाटीनं उभे केलेले. थंडी अशी की आत गेलेला माणूस आपसूक हळू बोलायचा. दार लागलं की कुणीतरी श्वास आत ओढल्यासारखा आवाज यायचा. तो शीतयंत्राचा, असं सगळे म्हणायचे. म्हणायचे आणि पटकन बाहेर पडायचे.

त्या दुपारी जेवून आल्यावर कोठाराचा ध्वनितंत्रज्ञ खाली गेला. जुन्या टेपा दुरुस्त करणं हे त्याचं काम, कान मांजराचे, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणायचे. त्यानं फळीवरचा एक डबा थोडा पुढे ओढला आणि हात जागीच थांबला. डबा हलका होता.

त्या डब्यात एका गायिकेची टेप होती. बाईनं जन्मभर कुणाला आपलं गाणं मुद्रित करू दिलं नाही. एकदाच, कशी कोण जाणे, राजी झाली. गायला लागली, रंग भरला, आणि मध्येच थांबून म्हणाली, “पुरे. बंद करा ते.” जगात तिचा आवाज उरला तो एवढाच. कोठाराबाहेरच्या कुणी तो ऐकलेला नव्हता.

कानसेन ओरडत वर आला. संचालक धावले ते थेट नेटवर्क सांभाळणाऱ्या मुलीच्या टेबलाशी. “कॅमेरा दाखव!”

तिनं दाखवला. जेवणाच्या सुट्टीभर पडदा काळाठिक्कर. तळघराच्या दारावर कोण आलं-गेलं टिपणारं यंत्रही तेवढाच वेळ मुकं. दोघांच्या तारा एकाच नेटवर्क स्विचला, म्हणजे दाराबाहेर भिंतीवर लावलेल्या निळ्या पेटीला जोडलेल्या. पेटी बिघडली नव्हती. तिला कुणीतरी दुरून रीतसर हुकूम दिला होता, की या दोन तारा बंद कर. आणि मग, चालू कर.

“हुकूम कुणाच्या नावानं?” संचालकांनी विचारलं.

मुलीनं नाव वाचलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. नाव होतं ‘तात्या’.

तात्या म्हणजे तिचा सख्खा काका. तिच्या आधी त्याच टेबलाशी बसून नेटवर्क सांभाळणारा. आणि मागच्या वर्षी त्याच टेबलाशी, खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकलेला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणीबाई आल्या. नेटवर्कची सुरक्षा तपासणं हा त्यांचा धंदा. बाई बुटक्या, आवाज लोण्यासारखा मऊ, आणि समोरच्याचं वाक्य संपतंय न संपतंय तोच टाचणी टोचावी तसा एक बारीक प्रश्न. नाव त्यावरूनच पडलेलं. ते त्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

“मला भुताखेतांचं काही सांगू नका,” संचालक त्यांना बघताच म्हणाले.

“मी अजून नमस्कारसुद्धा केला नाही.”

“तुम्ही नाही हो. पण सगळे कुजबुजताहेत. मला विचाराल तर यात कोडं काही नाही. तात्याचा पासवर्ड माहीत असणार कुणाला? घरच्यांनाच ना? ही त्याची पुतणी. तो गेल्यावर मी हिला बजावलं होतं, सगळ्या पेट्यांमधून त्याचं नाव काढून टाक. ‘काढलं’ म्हणून सांगितलंन आणि मोकळी झाली. आज संध्याकाळपर्यंत तुम्ही दुसरं काही दाखवलं नाहीत, तर हिला पोलिसांच्या हवाली करणार. आणि तळघराच्या दारावर कौतुकानं तात्याच्या नावाची पाटी लावलीय ना, तीही उतरवणार.”

पुतणी तिथंच उभी होती. “माझी नोकरी घ्या साहेब. पण तात्याकाकाला चोराच्या रांगेत बसवू नका. त्यानं जन्मात ऑफिसातली टाचणीसुद्धा घरी नेली नाही.”

“चला, म्हणजे मला तरी भीती नाही,” टाचणीबाई म्हणाल्या आणि तिच्या मागोमाग टेबलाकडे गेल्या.

टेबलाशी एक फिरती खुर्ची होती. मुलगी तिच्यात बसली नाही. बाजूचं स्टूल ओढून त्यावर बसली, सवयीनं, वर्षभर तसंच करत असल्यासारखी. टाचणीबाईंनी क्षणभर खुर्चीकडे पाहिलं आणि त्याही उभ्याच राहिल्या.

“मला अगदी पहिलीतल्या पोराला सांगतेस तसं सांग. ही देखरेख चालते कशी?”

“इमारतभर अशा पेट्या आहेत, मॅडम. आमचा सर्व्हर दिवसभर एकेकीला विचारत राहतो, बरी आहेस ना, तापली नाहीस ना. पेटी उत्तर देते. पण आल्यागेल्याला नाही. आधी युजरचं नाव सांगायचं, मग दोन पासवर्ड. पहिल्यानं ओळख पटते. दुसऱ्यानं बोलणं झाकलं जातं, वाटेत कुणी कान लावला तरी त्याला नुसती गुरगुर. सर्व्हरचं नाव ‘निरीक्षक’. त्याला फक्त विचारता येतं. ‘तात्या’ला हुकूमही देता यायचा.”

“मग ते नाव तू का नाही काढलंस?”

“काढायला सापडायला नको?” मुलीनं कागदांचा गठ्ठा पुढे केला. “प्रत्येक पेटीच्या सेटिंग्ज मी छापून काढल्या. अक्षरन् अक्षर वाचलं. तात्याकाकाचं नाव कुठंच नव्हतं! मला वाटलं, जायच्या आधी त्यानंच काढलं असेल. तो तसाच होता, घरातनं निघताना सगळे दिवे मालवून जाणारा.”

टाचणीबाईंनी कागद चाळले. खरंच, नाव नव्हतं. त्यांनी गठ्ठा बाजूला ठेवला आणि उभ्या उभ्याच कीबोर्ड जवळ ओढला.

“कागदाला काय विचारायचं? पेटीलाच विचारू.”

जिन्यावरच्या पेटीला त्यांनी एकच प्रश्न टाकला, तुझ्याकडे युजर कोण कोण आहेत? पडद्यावर दोन नावं उमटली.

निरीक्षक.

तात्या.

३

वाचनालयातल्या पेटीला विचारलं. निरीक्षक, तात्या. गच्चीवरच्या पेटीला विचारलं. निरीक्षक, तात्या. इमारतीच्या भिंतीभिंतीत तात्या दबा धरून बसला होता, वर्षभर, चूपचाप.

मुलगी पांढरीफटक पडली. “पण कागदावर नव्हता तो. मी शपथेवर सांगते.”

“भूत नाही ग पोरी. या पेट्यांची खोडच आहे ही. बाकी सगळं सेटिंग्जमध्ये लिहितील, छापतील, चारचौघांत मिरवतील. हे युजर तेवढे पोटात ठेवतात. लिखाणात उतरू देत नाहीत, कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून. वेगळं, मुद्दाम विचारलं तरच नाव घेतात. तू कागद वाचलास आणि घर रिकामं समजलीस.”

“म्हणजे चूक माझीच.”

“चूक तुझीच. चोरी तुझी आहे का, ते बघायचंय. तात्याचे पासवर्ड ठाऊक आहेत तुला?”

मुलगी घुटमळली. दारात संचालक उभे होते, त्यांच्या खांद्यामागून कानसेन डोकावत होता.

“ठाऊक आहेत. पण साहेब समोर आहेत...”

“साहेबांना पासवर्ड ऐकायची बंदी आहे का?”

“पहिला,” मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली, “‘साहेब झोपलेत’.”

संचालकांच्या भुवया कपाळभर चढल्या.

“आणि दुसरा?”

“‘हळू बोला’.”

कानसेनला जोराचा खोकला आला आणि तो तोंड फिरवून उभा राहिला.

मग टाचणीबाई तात्या झाल्या. त्याच्या नावानं, त्याच्या पासवर्डांनी एकेका पेटीशी बोलू लागल्या. पेट्यांनी ओळख दिली. जिना म्हणाला, मी बरा आहे. वाचनालय म्हणालं, मी बरं आहे. आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक ओळ यायची. बिघाड झाला तर कुणाला कळवायचं, ते लिहायची जागा असते ती. तात्यानं सगळीकडे एकच लिहून ठेवलं होतं:

काही झालं तर तात्याला बोलवा.

पहिल्या वेळी कानसेन हसला. दुसऱ्या वेळी हसता हसता थांबला. मग पडदा भरत गेला. काही झालं तर तात्याला बोलवा. काही झालं तर तात्याला बोलवा. जणू सगळ्या भिंती एकामागून एक त्याला हाका मारत होत्या आणि रिकामी खुर्ची ऐकत होती. संचालकांनी उगाचच पंखा बंद केला.

शेवटची उरली तळघराची पेटी. युजर कोण? निरीक्षक, तात्या. ठीक. टाचणीबाईंनी सावकाश पहिला पासवर्ड दिला.

पेटी म्हणाली, ओळख पटली नाही.

पुन्हा दिला, एकेक अक्षर मोजून मापून.

ओळख पटली नाही.

“नाव तात्याचं,” टाचणीबाई पुटपुटल्या, “पण आत बसलाय तो कुणी वेगळाच.”

४

तळघराच्या दाराचं कुलूप उघडणारा आकडा चौघांना माहीत होता. संचालक, कानसेन, पुतणी, आणि शीतयंत्र, तारा, पेट्या बसवणारा कंत्राटदार.

कानसेन आपल्या खोलीत टेपेचा तुकडा जोडत होता. मान वर न करता म्हणाला, “मी कशाला चोरीन? ती टेप माझ्याच ताब्यात. म्हणजे आपणच आपला खिसा कापायचा!”

“ती दुरुस्त करायची परवानगी मागत होतात म्हणे.”

“मागत होतो. साहेब म्हणायचे, हात लावू नकोस. कंत्राटदार म्हणायचा, एकदा ऐकव. त्याच्या ओळखीतला कुणी जुन्या आवाजांचा वेडा आहे, त्या गाण्यासाठी जीव टाकतो म्हणे. मी म्हटलं, बाई स्वतः ‘बंद करा’ म्हणून गेली, तिथं चालू करणारा मी कोण?”

“पेट्यांमधलं काही कळतं तुम्हाला?”

“मला फक्त त्यांची घरघर कळते. तळघरातलीची वेगळी आहे. नवी ना ती. जुनी तात्याच्या पाठोपाठच गेली, बिचारी.”

टाचणीबाई तडक संचालकांकडे आल्या. “तळघराची पेटी बदललीत हे मला कुणी सांगितलं नाही.”

“त्यात काय सांगायचं? वीज उसळली आणि जुनी जळली. तात्याला जाऊन चार दिवस झाले नव्हते, पुतणी घरी रडत बसलेली. मग कंत्राटदारानंच नवी बसवली. जुन्या पेटीच्या सेटिंग्जची प्रत सर्व्हरवर होती, तीच नव्या पेटीत उतरवली.”

“आणि लगेच चालू झाली?”

“कुठली! पडद्यावर लाल दिवा. सर्व्हर विचारतोय आणि पेटी ढिम्म. शेवटी त्यानं माझ्याकडून निरीक्षकाचे पासवर्ड मागून घेतले, काय खुडबुड केली कोण जाणे, तेव्हा कुठं हिरवा झाला. का?”

“काही नाही. सहज.”

ज्यांना टाचणीबाई ठाऊक होत्या त्यांना एवढं ठाऊक होतं, की बाई सहज म्हणून खिडकीसुद्धा उघडत नाहीत.

“तुम्ही तिला वाचवायला बघताय,” संचालक म्हणाले. “तात्याचा जुना पासवर्ड त्या पेटीत चालला नाही, एवढंच ना? अहो, सगळी यंत्रणा तिच्या हातात. सुट्टीवरून परत आल्यावर तिनंच काकाच्या नावाचा नवा युजर घातला असेल, पासवर्ड वेगळा ठेवून. संशय येऊ नये म्हणून.”

“घातला असेलही,” टाचणीबाई शांतपणे म्हणाल्या.

कारण अडचण खरी होती. मुलीकडे बाकी सगळ्या पेट्यांची खरी किल्ली होती हे बरोबर, पण नवी किल्ली बनवायलाही तिला कुणी अडवलं नव्हतं. पेटी नाव सांगते, पण ते कुणी घातलं, कधी घातलं, हे सांगत नाही. ते कुणातरी माणसाच्याच तोंडून यायला हवं होतं. आणि उन्हं तर कलायला लागली होती. संचालकांच्या टेबलावर फोन त्यांच्या हाताशी सरकवून ठेवलेला होता.

“कंत्राटदाराला बोलवा,” टाचणीबाई म्हणाल्या. “आणि खाली बसू. तळघरात.”

“त्या गारठ्यात? का?”

“थंडीत माणसं पाल्हाळ लावत नाहीत.”

हे मात्र त्यांनी चक्क खोटं सांगितलं. मग मुलीला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तू कोपऱ्यात बस. कान उघडे ठेव. तुझी जी चूक झाली ना, तिच्यावर नीट विचार कर.”

५

कंत्राटदार आला तो हसतच. उंचापुरा, गोडबोल्या, ज्याच्या त्याच्या खांद्यावर हात टाकणारा. मुलीला कोपऱ्यात पाहून त्यानं चुकचुक केलं. “काय ग बाई, कुठं अडकलीस.” मागं दार लागलं. कुणीतरी श्वास आत ओढला. कंत्राटदारानं कॉलर वर केली.

फळ्यांच्या मधे चौघं बसली, दोन खोक्यांवर, दोन पायऱ्यांवर. चहूबाजूंनी न बोलणारी माणसं.

“बाहेरची पेटी तुम्ही बसवलीत,” टाचणीबाई म्हणाल्या. “तिच्यात तात्याचं नाव होतं, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का हो?”

एवढाच प्रश्न. ‘नाही’ म्हणाला असता तर जन्मभर सुटला असता. पण समोर श्रोते, भोवती अंधूक उजेड, आणि विषय मेलेल्या माणसाचा. अशा वेळी ‘नाही’ म्हणून गप्प बसायला साधुसंत लागतो.

“माहीत होतं का?” कंत्राटदार खोकं पुढे सरकवत म्हणाला. “मॅडम, सांगितलं तर विश्वास बसणार नाही. आजवर कुणाला बोललो नाही, लोक वेड्यात काढतील म्हणून. त्या दिवशी इथं मी एकटा. जुन्या पेटीची प्रत नव्या पेटीत सोडली. म्हटलं, बघू तरी, युजर नीट आलेत की नाही. विचारलं. आणि पहिलंच नाव, तात्या! अहो, माणूस जाऊन चार दिवस नाही झाले. अंगावर सर्रकन काटा आला. मी म्हटलं, तात्या, तुम्ही जायचं नाव काढत नाही होय?”

“अगबाई!” टाचणीबाई म्हणाल्या.

“अहो पुढं ऐका. पेटीवरचा दिवा दोनदा लुकलुकला. म्हणजे, हो!”

संचालकांनी नकळत दाराकडे पाहिलं.

“मग तुम्ही ते नाव काढून का नाही टाकलंत?”

“मी? माझी काय टाप! त्यांच्या हातचं लिखाण, ते आपसूक प्रतीबरोबर आलं, आपण कोण पुसणार? मी हातानं एक अक्षर घातलं नाही, एक काढलं नाही. हात जोडले आणि गेलो. आता त्यांचा पासवर्ड घरात कुणाला माहीत होता, आणि कुणी तो वापरला...” त्यानं कोपऱ्याकडे बघून सुस्कारा टाकला. “जाऊ दे. लहान आहे ती.”

“प्रतीबरोबरच आलं याला पुरावा?”

“पुरावा? पेटीलाच विचारा! ‘काही झालं तर तात्याला बोलवा’, ही त्यांची ओळ आहे की नाही बघा त्या पेटीत. नवीकोरी पेटी हो, तात्यानं कधी पाहिलीसुद्धा नाही. ओळ आली तसा तात्याही आला!”

टाचणीबाईंनी मांडीवरच्या लॅपटॉपवर विचारलं. निरीक्षकाच्या नावानं. ओळ उमटली, निळसर उजेडात, अगदी स्वच्छ. काही झालं तर तात्याला बोलवा.

संचालकांनी जड आवाजात म्हटलं, “म्हणजे नाव आधीपासूनच पेटीत होतं. आणि पासवर्ड फक्त हिलाच...” त्यांनी खिशातून फोन काढला.

कंत्राटदार हात चोळत उभा राहिला. “निघू मी? गारठलो बुवा.”

टाचणीबाईंनी लॅपटॉप मिटला. त्या कोपऱ्याकडे बघत होत्या.

मुलगी उठली होती. आवाज तळघरात आजवर कुणी काढला नव्हता एवढा मोठा निघाला.

“खोटं! साफ खोटं बोलताय तुम्ही! ती ओळ सेटिंग्जमध्ये लिहिलेली असते, म्हणून प्रतीबरोबर ती आली. युजर तिथं लिहिलेच जात नाहीत, म्हणून तर मी फसले! नव्या पेटीत ते एकेक करून हातानंच घालावे लागतात! अहो, जे त्या प्रतीत नव्हतंच, ते प्रतीतून उतरलेलं तुम्हाला दिसलं कसं?”